भांगाचं पाणी

माझा बाप मिठागरात मीठ पिकवायचा आणि मी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून टाकायच्या धंद्यात आहे. ऑफिसात हे सांगितलं की लोकांना हसू येतं. बाबालाही यायचं. "आमी पानी उडवून मीट ठेवायचो, तुमी मीट काडून पानी ठेवनार. एकाच घरात दोन टोकं!" असं म्हणून तो गडगडून हसायचा आणि मग खोकत बसायचा. घरी आम्ही बापाला अरे-तुरेच करतो. इथे उगाच अहो-जाहो केलं तर तो मला कुणी दुसराच माणूस वाटेल, म्हणून करत नाही.

आधीच सांगून टाकते, नाहीतर मी गोल गोल फिरत बसेन. मी एक अहवाल लिहिला. त्यात एक चूक आहे. ती चूक बाबाने मला अहवाल जायच्या आधी सांगितली होती, एकदा नाही, दोनदा. मी ऐकलं नाही. आणि आता तो नाही.

जुईनगरला आमचं ऑफिस आहे, सल्लागार कंपनी. शहराला पाणी कुठून आणायचं, ते आणायला वीज किती लागेल, ती वीज कुठून घ्यायची, असले अभ्यास आम्ही करतो. नवी मुंबईचं बरं चाललंय असं बाहेरच्यांना वाटतं. डोंगरातल्या धरणाचं पाणी येतं, नळ चालतात. पण टॉवर काय थांबतात का? एप्रिल उजाडला की नेरूळमधल्या माझ्याच सोसायटीत नोटीस लागते आणि गेटवर टँकर उभा राहतो. म्हणून आमच्याकडे काम आलं: खाडीचं पाणी गोडं करून शहराला देता येईल का, परवडेल का, आणि ते यंत्र कुठल्या विजेवर चालवायचं. काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पेढे वाटले. आमच्या गावच्या खाडीचा प्रकल्प, आणि तो मी लिहिणार!

या कामात सगळा खेळ विजेचा. खारं पाणी बारीक पडद्यातून दाबून ढकलावं लागतं, आणि दाब म्हणजे पंप, पंप म्हणजे वीज, रात्रंदिवस. कोळशाची वीज घेतली तर पाणी मिळतं, पण धूर दुसऱ्या कुणाच्या तरी गावात सोडतो आपण. सूर्याची घेतली तर दिवस भागतो, रात्रीचं काय? वाऱ्यावर आमच्या खाडीत भरवसा नाही, पावसाळ्यात वेड्यासारखा वाहतो आणि ऑक्टोबरमध्ये पान हलत नाही. आणखी एक पर्याय म्हणजे शहराचं सांडपाणीच शुद्ध करून कारखान्यांना आणि बागांना द्यायचं. त्याला वीज कमी लागते. पण ते नाव काढलं की मीटिंगमध्ये सगळे नाक मुरडतात.

विजेचं प्रकरण मी जीव ओतून लिहिलं. नकाशावर बंद पडलेली मिठागरं शोधली आणि त्यांच्यावर सोलर पॅनेल मांडली. त्यातलं एक बाबा ज्यात राबला ते. बांध फुटलेले, आत झुडपं. त्यावर मी निळा चौकोन काढला आणि रविवारी गावी जाऊन त्याला लॅपटॉप दाखवला.

त्याने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "ऊन तेच," तो म्हणाला. "तवा त्याच्यावर मीट पिकलं, आता वीज पिकंल. बरं हाय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग त्याने विचारलं, "नि मीट कुटं टाकनार?"

"मीठ नाही रे टाकत बाबा. गोडं पाणी काढून घेतलं की जे उरतं ते जास्त खारं असतं. ते पाइपने खाडीत सोडायचं."

"म्हंजे कडक पानी. कुटं सोडनार?"

मी नकाशावर बोट ठेवलं. आमच्या गावच्या जेटीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे आजही गावातली चार-पाच घरं जाळं लावतात, निवट्या, खेकडे मिळतात, नशीब असेल तर जिताडा. मी म्हटलं, "भरती-ओहोटीने वाहून जातं. मिसळतं. मोजलंय मी."

"कंच्या पान्याला मोजलंस? उधानाला का भांगाला?"

आता हे समजावून सांगायला हवं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी चढते आणि ओहोटी लांब जाते, ते उधाण. अष्टमी-नवमी-दशमीला पाणी आळसावतं, थोडं चढतं, थोडं उतरतं, ते भांग. आमच्या गावात सगळी कामं उधाणाची. मिठागराच्या बांधातलं फळ्यांचं दार, उघाडी, उधाणाला उघडायची आणि खारं पाणी आत घ्यायचं. जाळीही उधाणालाच लावायची. भांग म्हणजे सुट्टी. लग्नाच्या बोलण्या, जाळ्यांचे टाके, पाहुण्याकडे जाणं, भांडणं, सगळं भांगाला. भांगाला खाडीत काही बघायला असतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मापं घ्यायला मी गावचीच होडी ठरवली होती. खाडी गाळाने भरत आलीय, भांगाला होडी चिखलात बसते. होडीवाल्याने तारखा दिल्या, मी हो म्हटलं. तीनदा गेलो आणि तीनही वेळा उधाणाला. प्रवाह जोरदार, आकडे सुरेख. मुंबई-पुण्याचा कुणी इंजिनिअर असता तर त्याने पुस्तक उघडून दोन्ही पाण्यांची मापं घेतली असती. मी आगरात जन्मलेली शहाणी! मला वाटलं, खाडी मला माहीत आहे.

कबूल करते. त्याच क्षणी कळलं होतं. पण मी म्हणाले, "होडीच जात नाही ना भांगाला. बघू."

"होरी कशाला पायजे? नवमीला ये. जेटीवर उबी रहा माज्यासंगं. मूठभर कोंडा टाकू पान्यात. तो कुटं जातो ते बग, नि मंग लिव."

"बाबा, माझ्याकडे परदेशातून आणलेलं यंत्र आहे आणि तू मला भाताचा कोंडा काय दाखवतोस?"

"यंत्र चांगलंच हाय तुजं. पन तू त्याला सनाच्याच दिशी नेतंस. रोजचा दिस पन दाव त्याला."

मी हसले. तोही हसला. मग जेवायला बसलो आणि नेहमीचं नाटक सुरू झालं. डॉक्टरांनी बाबाचं मीठ तोडलं होतं. हृदय दमलं होतं, पाय सुजायचे. "मीट पिकवनाऱ्याला आलनी जेवान! देवा, काय दिस दाखवलास!" असं ओरडून तो ताट सरकवायचा. माझा धाकटा भाऊ त्याच्यासोबत राहतो, गावातल्या घरावर त्याने मजले चढवून भाडेकरू ठेवलेत. तो मला खुणेने दाखवायचा, बाबाच्या चुन्याच्या डबीत चुना नसतो, मीठ असतं. आम्ही दोघं न पाहिल्यासारखं करायचो.

त्या नवमीला मी गेले नाही. खरंच काम होतं. पुढच्या पंधरवड्यात त्याचा फोन आला, अष्टमीला. "बाय, उद्या नवमी हाय."

"येते," मी म्हणाले.

"नक्की?"

"अरे नक्की! सकाळीच येते."

आणि नाही गेले. काम होतं असं भावाला सांगितलं. डोंबलाचं काम! सकाळी ऑफिसात गेले आणि दिवसभर तक्त्यांचे रंग बदलत बसले. खरं कारण वेगळं होतं. बाबाचं खरं निघालं तर ते कडक पाणी खाडीत सोडता येणार नव्हतं. पाइप लांब, उघड्या समुद्रापर्यंत, न्हावा शेव्याच्या जहाजांच्या वाटा चुकवत न्यावा लागला असता. लांब पाइप म्हणजे आणखी पंप, आणखी वीज. माझे निळे चौकोन अपुरे पडले असते. तक्त्यात वर बसलेला माझा लाडका पर्याय खाली घसरला असता आणि नाक मुरडायचं ते सांडपाणी पहिल्या नंबरावर आलं असतं. सगळं प्रकरण नव्याने लिहावं लागलं असतं, आणि सादरीकरण आठवड्यावर होतं. मूठभर कोंड्याला घाबरले मी.

दुपारी मी त्याला फोन केला. "बाबा, साइटवर अडकले रे. पुढच्या वेळी नक्की." साइटवर! माझ्या मागे एसी घरघरत होता.

"असूंदे," तो म्हणाला. त्याच्या मागे वारा ऐकू येत होता. घरात असेल, खिडकी उघडी असेल असं मी मनाला सांगितलं.

अहवाल गेला. सादरीकरणाला टाळ्या पडल्या. साहेब, म्हणजे माझे वरिष्ठ, भला माणूस, सगळ्यांसमोर म्हणाले, "खाडी हिच्या रक्तातच आहे." मी मान खाली घालून हसले. संध्याकाळी बाबाला फोन केला, त्याला किती आनंद होईल असं वाटून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मीट कुटं टाकनार ते काय लिवलंस?"

"खाडीत, बाबा. वाहून जातं. मोजलंय ना."

तो म्हणाला, "बरं. तू शिकलेली हायस."

भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडका माणूस होता. बांधावरून, मापावरून, आमटीतल्या मिठावरून भांडायचा. माझ्याशी तो त्या दिवशी भांडला नाही. चार शब्द बोलला आणि फोन भावाकडे दिला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

पुढच्या सप्तमीला सकाळी तो गेला. चहा घेतला, ओट्यावर बसला, भाऊ आत पाणी आणायला गेला तेवढ्यात. मी नेरूळहून रिक्षाने पोचेपर्यंत त्याला आत आणून निजवलं होतं. त्याचे पाय सुजलेले नव्हते. मी पायच बघत बसले. तोंडाकडे बघायची छाती झाली नाही माझी.

त्या गडबडीत भावाने मला सांगितलं. वाईट हेतूने नाही, रडता रडता, जसं सगळं आठवत जातं तसं. "ताई, त्या नवमीला बाबा सकाळपासून जेटीवर बसला होता. तू येणार म्हणून. मी दोनदा बोलवायला गेलो. म्हणे, ती येल, मी उठलो नि ती आली तर? तुझा फोन आला तेव्हा तिथंच होता. त्यानंतर पण बसला, पाणी उतरेपर्यंत. कोंड्याची पिशवी मांडीवर."

मी भिंतीला डोकं टेकलं. बायका आल्या, मला धरलं, म्हणाल्या, रड, रड, मोकळी हो. त्यांना वाटलं मी बापासाठी रडतेय. मी त्या फोनमागच्या वाऱ्यासाठी रडत होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. आमच्याकडे राख गावच्याच खाडीत सोडतात. बायका जात नाहीत. मी गेले, कुणी अडवलं नाही. तो दिवस नवमीचा होता, हे माझ्या लक्षातही नव्हतं. लक्षात होतं ते म्हाताऱ्या माणसांच्या. एकजण भावाला म्हणाला, "भांग हाय. सुकती लागूंदे, मंग सोड, म्हंजे जाईल." म्हणून आम्ही थांबलो. पाणी उतरायला लागलं तेव्हा भावाने पायरीवर बसून मडकं पाण्यात तिरकं केलं. राख पाण्यावर पसरली. वरून झेंडूची माळ सोडली.

सगळे हात जोडून उभे होते, आता जाईल म्हणून. राख दोन-चार हात पुढे सरकली आणि थांबली. माळ जेटीच्या खुंटापाशी गेली आणि तिथेच हळूहळू फिरत राहिली. कुणीतरी काठीने पुढे ढकलली. ती परत आली. कुणी म्हणालं, "जीव अडकलाय कशात तरी." विचारायला लागले, काही इच्छा राहिली का रे त्याची? भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

जीव वगैरे मी मानत नाही. मी इंजिनिअर आहे. पाण्याला वेग नव्हता, एवढंच. पण मी पाहत होते ती माझ्याच अहवालातली जागा होती. जिथून सगळं वाहून जातं असं मी सही करून लिहिलं होतं, तिथे माझा बाप पाण्यावर थांबला होता. राख तर हलकी, वर तरंगते. कडक पाणी जड असतं, ते तळाला जाऊन बसेल आणि हलणारच नाही. चिखलातल्या निवट्यांच्या बिळांत भरून राहील. हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. बाबाच्या कोंडीत, मीठ पिकायच्या वाफ्यात, हात घातला की वर कोमट पाणी असायचं आणि तळाशी चटका बसायचा, सगळ्यात खारं तिथंच असायचं. त्यानेच माझा हात धरून घालायला लावला होता.

लोक घरी परतले. मी दुपारची भरती लागेपर्यंत पायरीवर बसले. राख विरघळत चालली होती, पण माळ होती. भरतीने ती पायरीला आणून लावली, अगदी माझ्या पायापाशी. मी उचलली नाही. उचलायची नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाकडे कोंड्याची पिशवी मागितली. त्याने काही न विचारता बाबाच्या खाटेखालून काढून दिली. किराणा दुकानाची पिशवी, तोंडाला सुतळीची गाठ. बाबाची गाठ, एका बाजूने ओढली की सुटणारी. दशमी होती. माळ खुंटाच्या आसपासच होती, फुलं काळी पडली होती. मी जेटीवर उभी राहिले आणि मूठभर कोंडा टाकला. घड्याळ लावलं. थोडं थांबून परत टाकला, ओहोटी लागल्यावर परत. कोंडा गेला कुठे? कुठेच नाही. माळेभोवती गोळा झाला आणि तिच्याबरोबर फिरत राहिला.

"बगितलं बाबा," मी मोठ्याने म्हणाले. शेजारी जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि मान परत खाली घातली.

तेरावा झाल्यावर मी साहेबांना पत्र दिलं. मापं अर्धीच घेतलेली आहेत, चूक माझी आहे, खाडीत पाणी सोडायची शिफारस मी मागे घेते, विजेचे तक्ते नव्याने करावे लागतील आणि कदाचित आपला पहिला पर्याय पहिला राहणार नाही. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "दुःखात आहेस. थोडे दिवस जाऊ दे." मी म्हटलं, "साहेब, दुःखात आहे म्हणूनच लिहिलं. नसते तर लिहिलं नसतं." ते म्हणाले, लोकांना आवडलाय अहवाल, पुढच्या टप्प्यात बघू. पत्र त्यांच्या टेबलावर आहे. त्याचं काय होईल मला ठाऊक नाही. मी मात्र दर भांगाला गावी जाते, यंत्र घेऊन, कमरेएवढ्या चिखलातून. होडी लागत नाही. कधीच लागणार नव्हती.

नोंदींच्या त्या गठ्ठ्यात पहिला कागद दशमीचा आहे. ऑफिसचा छापील तक्ता, त्या सकाळी मी जेटीवर बसून भरलेला. ठिकाण लिहिलं. वेळ लिहिली. तिथी लिहिली, तिला रकाना नाही म्हणून समासात. साधन: भाताचा कोंडा. शेवटचा रकाना होता, मापाच्या वेळी कोण उपस्थित होतं. मी लिहिलं, मी आणि माझे वडील.

साहेब विचारतील. सांगेन त्यांना, होता की तो. पाण्यातच होता.